डोरेमॉन सोडल्यावर ओयामा बाई संपल्या?

कोणीतरी लिहिलंय की डोरेमॉनला जपानीत आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामांनी २००५ ला डोरेमॉन सोडला आणि त्यांचं करियर संपलं. अहो नाही, २०१० ला पीएसपीवर (सोनीचा हातात धरून खेळायचा गेम कन्सोल) दांगानरोन्पा गेम आला त्यात मोनोकुमाचा आवाज त्यांनीच केलाय!! शाळकरी पोरांना कोंडून एकमेकांचे खून पाडायला लावणारं अस्वल, आणि आवाज कोणाचा तर १९७९ पासून ज्याच्यावर जपानी पोरं वाढली तो, म्हणूनच जास्त टरकते. भन्नाट कास्टिंग राव. पुढे डिमेन्शियामुळे त्या थांबल्या आणि मोनोकुमा ताराकोंकडे गेला, म्हणजे चिबी मारुको-चान या पोरांच्या कार्टूनमधल्या मारुकोचा आवाज, परत तोच डाव! दोघीही २०२४ ला गेल्या. आपल्याकडे हिंदी डबिंग बघितलेल्यांनी ओयामांचा ओरिजिनल जपानी आवाज एकदा ऐकाच, डोरेमॉन चक्क घोगरा आहे.