बागेत ट्रॅक्टर स्लीप मारतोय, केज व्हील लावू की टायर बदलू?

दिंडोरीचा_बागायतदार
नमस्कार मंडळी, आमची तीन एकर थॉमसन द्राक्षबाग आहे, 9 बाय 5 फुटांची लागण, जमीन भारी काळी. गोडी छाटणी (फळासाठीची) झाली, बाग पोंग्यात आली, म्हणजे डोळे फुटायला लागले, आणि नेमका परतीचा पाऊस लागला, चार दिवस सलग. आता डाऊनीचं (बुरशीच्या रोगाचं) औषध थांबवता येत नाही, उघडीप मिळाली की लगेच मारावं लागतं, पण 600 लिटरचा ब्लोअर (ट्रॅक्टरमागचा फवारणी पंप) भरून लाईनीत शिरलो की मधोमध गेल्यावर मागची चाकं नुसती जागेवर फिरतात. ट्रॅक्टर 24 एचपी, फोर व्हील ड्राईव्ह, मागचे टायर 8.3-20, सहा वर्षं झाली, नक्षी बरीच झिजलीये. परवा शेजाऱ्याचा मोठा ट्रॅक्टर आणून साखळीने ओढून काढला, त्यात ठिबकची नळी तुटली आणि एक लाईन फवारायची राहिली ती राहिलीच. मेकॅनिक म्हणतो केज व्हील (लोखंडी पट्ट्यांचं पिंजऱ्यासारखं चाक) लाव, दुकानदार म्हणतो भातातले खोल नक्षीचे टायर घे. पैसे एकदाच घालायचेत, कोणी वापरलंय का?

घोटीकर
भाऊ आम्ही भातवाले, आमच्याकडे चिखलणीला केज व्हीलशिवाय चालतच नाही, पण तुमच्या बागेत लावू नका असं मनापासून सांगतो. आमच्या खाचरात पाणी उभं असतं आणि माती घोळायचीच असते, ते काम ती लोखंडी पट्टी झकास करते. तुमच्याकडे मात्र तीच पट्टी बोदाच्या (वेलीखालच्या मातीच्या वरंब्याच्या) कडेची पांढरी मुळं कापत जाणार, ठिबकची नळी आली तर संपलीच, आणि लाईनीतली रुंदी वाढेल ती वेगळी. शिवाय घरापासून बागेपर्यंत डांबरी असेल तर दर फेरीला काढा-घाला, कारण डांबरीवर ती चालवायची सोय नाही.

निफाडकर_नाना
घोटीच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. आता मी माझं सांगतो, दोन वर्षांपूर्वी हाच ताप मला झाला होता. चाक फसल्यावर खाली उतरून टायर नीट बघा. माझ्या टायरच्या दोन दातांमधली फट काळ्या मातीने अशी गच्च भरली होती की वरून हात फिरवला तर दात हाताला लागतच नव्हते, सगळं गुळगुळीत. म्हणजे नक्षी असून नसल्यासारखी. दात उंच असले तर चाक फिरताना माती झटकली जाते, झिजले की ती तिथेच चिकटते, त्यामुळे तुमचे टायर बदलायला झालेत हे नक्की.

पण दुकानदाराचं ऐकून भातातले घेऊ नका. टायरच्या बाजूवर आर-1, आर-2 असं लिहिलेलं असतं, आर-1 आपला साधा शेतीचा, आर-2 भाता-उसातला, त्याचे दात जवळजवळ दुप्पट खोल. कोरड्या रस्त्यावर तो हादरे देतो आणि भराभर झिजतो. आणि तुमचा फोर व्हील आहे ना, मग मागच्या चाकाचा घेर बदलला की पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ बिघडतो आणि सगळा ताण पुढच्या एक्सलच्या गिअरवर येतो. त्याच साईजचा आर-1 घ्या, आणि बसवताना बाणाची दिशा स्वतः उभं राहून बघा, आमच्याकडे एकदा एक चाक उलटं बसवलं होतं.

दुसरं म्हणजे टायरमध्ये पाणी भरा. चाक जॅकवर उचलायचं, व्हॉल्व्ह बरोबर वरच्या टोकाला आणायचा, आतली पिन काढून पाणी सोडायचं, पाणी व्हॉल्व्हमधून परत यायला लागलं की पाऊण टायर भरला असं समजायचं, मग वर हवा. थंड देशात त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात, पाणी गोठू नये म्हणून, पण आपल्या निफाडला पारा दोन-तीन अंशावर उतरला तरी टायरमधलं पाणी गोठत नाही, साधं विहिरीचं चालतं. माझा अर्धा प्रश्न तर पाण्यानेच सुटला.

मोहाडीचा_पोरगा
नाना, पण वजन वाढवलं तर जमीन दाबली जाणार ना? आमच्या बागेत चाकोऱ्या एवढ्या कडक झाल्यात की पहार लागत नाही, पाणी तिथेच साचतं, आणि मग परत तिथेच ट्रॅक्टर घसरतो.

निफाडकर_नाना
दाबली जाते, खरंय तुझं. म्हणून मी पाणी फक्त छाटणीनंतरच्या पावसाळी दिवसांत ठेवतो, नंतर काढून टाकतो. आणि दोन ओळींमधलं गवत मी आता नांगरून मोडत नाही, कटरने कापून तिथेच पाडतो. मुळांची जाळी चाकाला धरून ठेवते, पहिल्या पावसाळ्यातच फरक दिसला. वाफसा नसताना, म्हणजे जमीन ओली असताना, आत शिरायचंच नाही हे बरोबर, पण डाऊनी वाफशाची वाट बघत नाही. त्या दिवशी ब्लोअर अर्धाच भरा, दोन फेऱ्या जास्त होतील पण 300 किलो ओढायचे वाचतील. डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं पेडल) सरळ लाईनीतच दाबायचा, वळणाआधी पाय काढायचा.

दिंडोरीवाले दादा, आधी स्लीप मोजा. मागच्या चाकावर खडूची खूण करा, कडक रस्त्यावर ब्लोअर न जोडता चाकाचे 10 फेरे किती फूट जातात ते मोजा, मग बागेत भरल्या ब्लोअरला तेच 10 फेरे. दहा-पंधरा टक्के फरक आला तर चालतंय, वीसच्या वर गेला तर डिझेल आणि टायर दोन्ही मातीत.

दिंडोरीचा_बागायतदार
नाना आज सकाळी मोजलं. रस्त्यावर 96 फूट, बागेत 70. म्हणजे सत्तावीस टक्के, मला वाटलं त्याच्यापेक्षा बरंच जास्त. केज व्हीलचा विषय सोडला. दुपारी पाणी भरून अर्ध्या टाकीवर खालच्या अंगाच्या चार ओळी मारल्या, एका ठिकाणी थोडं घसरलं, लॉक दाबला आणि निघाला. राहिलेली लाईनही झाली. टायर आर-1 सांगितलेत, सोमवारी येतायत. पुढचे टायर चांगले आहेत, ते तसेच ठेवले तर चालतील का?

निफाडकर_नाना
दाताची उंची मोजून सांगा. फार झिजले नसतील तर राहू द्या, पण डांबरीवर आल्यावर पुढचा ड्राईव्ह काढायला विसरू नका, नव्या-जुन्या टायरांचा फरक तिथेच एक्सलला खातो.