मदत हवी आहे: शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी, शाळा इंजेक्शन द्यायला तयार नाही

मुलगी दुसरीत, पुण्यात, वजन 22 किलो. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी. (आपल्याकडे कूट कशात नसतं?) मागच्या महिन्यात मैत्रिणीच्या डब्यातली चमचाभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, दहा मिनिटांत ओठ सुजले, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचं (अशा तीव्र ॲलर्जीत द्यायचं औषध) 0.15 मिलिग्रॅमचं ऑटो-इंजेक्टर, म्हणजे डोस आधीच भरलेलं पेनसारखं इंजेक्शन, शाळेत ठेवायला सांगितलंय. त्यांचं पत्र आणि आमचं संमतीपत्र दिलं, वर्गशिक्षिकांना मांडीत कसं द्यायचं तेही दाखवलं. मुख्याध्यापिका म्हणतात, "गोळी देऊ, सुई नाही टोचणार." ॲलर्जीच्या गोळीने श्वास मोकळा होत नाही हो! शाळेत नर्स नाही, आमची ऑफिसं पाऊण तासावर. शेंगदाणाबंदी मागत नाहीये, शाळाही बदलायची नाहीये. कुणाच्या शाळेने हे लेखी मान्य केलंय का? त्या पत्रात नेमकं काय होतं, आणि इंजेक्शन कोणी द्यायचं ठरलं?