१९१८ चा चांदीचा रुपया: वजनाचा भाव की नाण्याचा?

खानापूर_रोड
देवघरात पंचम जॉर्जचे तीन रुपये आहेत, तिन्ही १९१८ चे. एक काळपट, दुसरा लख्ख पण राजाची दाढी गुळगुळीत, तिसऱ्याच्या काठाला डाख. सराफ नुसता वजनावर भाव सांगतोय. नाणं म्हणून यांना वेगळी किंमत आहे काय? आणि काळं नाणं लक्ष्मीपूजनाच्या आधी चिंच लावून घासलं तर चालेल काय?

निपाणी_नाणी
घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, काहीच नको. काळपटपणा म्हणजे हवेतल्या गंधकामुळं चांदीवर धरलेला पातळ थर, त्यानं नाण्याचं काही बिघडत नाही. रांगोळीचे कण मात्र बारीक ओरखडे पाडतात. नाणं उजेडात फिरवलं की ते चमकतात आणि जाणकार गिऱ्हाईक तिथंच भाव पाडतं. हळदीकुंकवाचा राप असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून अर्धा तास भिजवा, साध्या पाण्यातून काढा आणि मऊ सुती कापडानं टिपा. चोळायचं नाही. धरायचं ते काठाला.

आता झीज. दहापट भिंग घ्या, उजेड बाजूनं तिरपा येऊ दे. उंच भाग आधी झिजतो: भुवई, मिशी, कानावरचे केस, मग मुकुटाची नक्षी. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक बारका हत्ती आहे, तो बघा. त्याची सोंड आणि पाय वेगळे दिसले तर नाणं संग्राहकांच्या प्रतवारीत ‘व्हेरी फाईन’ (कमी झिजलेलं) किंवा त्याच्या वरचं. हत्तीचा गोळा झाला असेल पण मुकुटाची नक्षी थोडी उरली असेल तर त्याच्या खालची प्रत, ‘फाईन’. तुमच्या दुसऱ्या नाण्याची दाढीच सपाट आहे म्हणता, मग लख्ख असण्याला काही अर्थ नाही. ती चकाकी घासून आणलेली दिसते.

साल मात्र तुमच्या बाजूचं नाही. मागच्या बाजूला खालच्या कमळाजवळ ठिपका असेल तर मुंबई टांकसाळ, नसेल तर कलकत्ता. पण १९१८ ला दोन्हीकडं कोट्यवधी रुपये पाडले गेले. महायुद्धात चांदी इतकी कमी पडली की अमेरिकेनं त्याच वर्षी पिटमन कायदा करून स्वतःचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकली. १९२१, १९२२ किंवा आखूड सोंडेच्या हत्तीमुळं ‘डुक्करछाप’ म्हणवला गेलेला १९११ चा रुपया असता तर गोष्ट वेगळी.

शहापूर_तराजू
वजनाचं मी सांगतो. हा रुपया म्हणजे जुना एक तोळा, ११.६६ ग्रॅम. सराफ आज १० ग्रॅमला तोळा म्हणतो, तेव्हा भाव ग्रॅमवरच बोला. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे न झिजलेल्या नाण्यात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. ग्रॅमच्या भावानं गुणलं की तुमची खालची मर्यादा मिळाली.

अस्सल आहे का हे घरीच बघता येतं. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पूर्ण बुडवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो, ते १.१३ ग्रॅमच्या आसपास यायला पाहिजे. १९४० नंतरचा निम्म्या चांदीचा रुपया तेवढ्याच वजनाचा, पण तो १.२२ च्या जवळ जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो, म्हणून बुडवून थोडं हलवून घ्या.

खानापूर_रोड
पहिला १.१३, दुसरा १.१२. हत्तीची सोंड पहिल्यावर स्पष्ट आहे. डाखवाल्याचं काय करू? डाख काढून घेऊ काय?

निपाणी_नाणी
नको. डाख काढताना तापवावं लागतं, तिथला रंग बदलतो आणि काठाच्या रेघा भरलेल्याच राहतात. संग्राहक तो घेत नाही. सराफही डाखापायी घट धरतो, ती किती ते आधीच विचारून घ्या. हा आणि दुसरा, दोन्ही चांदीच्या भावाचे. पहिला मात्र मोडीत घालू नका, तसाच काळा ठेवून नाणी घेणाऱ्या दोघातिघांना दाखवा. चांदीवर थोडं जास्त नक्की मिळेल, लाखाची आशा धरू नका. जुन्या नाण्याला लाखो देतो म्हणून आधी कमिशन मागणारा फोन आला तर एक पैसा पाठवू नका, रिझर्व्ह बँकेनं २०२१ ला याबद्दल जाहीर सावध केलंय. परदेशी गिऱ्हाईक भेटलं तरी नाणं देशाबाहेर पाठवू नका. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं.