टीडब्ल्यूए फ्लाइट ३ (१९४२): दिवे बंद होते एवढंच कारण?

उलवेकर:
१६ जानेवारी १९४२. टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं डीसी-३ विमान लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकला जायला लास वेगासहून संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी उडालं आणि साधारण तेरा मिनिटांत पोटोसी डोंगरावर आदळलं. अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड, तिची आई, सगळे मिळून २२ जण गेले. आकाश निरभ्र, कॅप्टन वेन विल्यम्स जुने-जाणते. तरी जिथे वाचावं तिथे एकच कारण: युद्धामुळे वैमानिकांना वाट दाखवणारे मार्गावरचे जमिनीवरचे दिवे विझवले होते. आमच्या खिडकीतून नव्या विमानतळाची विमानं दिसतात, त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही. दिवे नाहीत म्हणून विमान थेट डोंगरात कसं जाईल? जाणकारांनी सांगावं.

येऊरची वाट:
पर्ल हार्बरला दीड महिनाही झाला नव्हता. जपानी बॉम्बर येतील या धास्तीने दिवे बंद केले होते, त्यात अमावस्येची रात्र. काळ्या आभाळासमोर काळा डोंगर दिसणार कसा?

ऐरोलीचा डिस्पॅचर:
मी निवृत्त फ्लाइट डिस्पॅचर. वैमानिकांचे फ्लाइट प्लॅन तपासण्यात हयात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चौकशी केली अमेरिकी सरकारच्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने. त्यांनी मुख्य ठपका ठेवला तो कॅप्टनने हाताशी असलेली साधनं वापरून योग्य मार्ग धरला नाही यावर. बंद दिवे आणि चुकीचा होकायंत्र-अंश (विमान कोणत्या दिशेला न्यायचं तो आकडा) ही हातभार लावणारी कारणं.

माझं लक्ष त्या अंशावर खिळतं. वेगासच्या आधीच्या थांब्यावर, आल्बुकर्कीला भरलेल्या प्लॅनमध्ये वेगासपासून पुढे २१८ अंश, उंची ८००० फूट असं लिहिलं होतं. २१८ हा बोल्डर सिटीहून बरबँकला जायचा अंश! टीडब्ल्यूएची विमानं एरवी बोल्डर सिटीला उतरत. तिथल्या धावपट्टीला दिवे नव्हते, अंधारात उतरता येत नसे, म्हणून त्या रात्री इंधनासाठी वेगास. वेगासचं विमानांचं मैदान बोल्डर सिटीच्या उत्तरेला. तिथून तोच अंश धरला की अख्खी रेषा उत्तरेला सरकते आणि थेट साडेआठ हजार फुटी पोटोसीवर जाते. मला वाटतं, सरावाचा आकडा हाताने आपसूक लिहिला. अंश बरोबर पण विमानतळ भलताच, असे प्लॅन माझ्याही टेबलावर आलेत. म्हणून जुन्या कागदावरून अंश उतरवलेला मला चालत नसे. नकाशावर पट्टी ठेवून पुन्हा मोजायला लावायचो.

बरं, चूक पकडायची सोय होती. तेव्हाच्या रेडिओ रेंजमध्ये, म्हणजे जमिनीवरून रेडिओने मार्ग दाखवणाऱ्या यंत्रणेत, मार्गाच्या एका बाजूला कानात डॉट-डॅश, दुसऱ्या बाजूला डॅश-डॉट ऐकू येई आणि बरोबर मार्गावर दोन्ही मिसळून सलग सूर. त्या सुरावरच राहायचं, असा कंपनीचा नियम होता. दिवे विझले तरी सूर चालू होता.

आणखी एक. २२ मध्ये १५ जण लष्कराच्या हवाई दलाचे होते. त्यांना जागा हव्यात म्हणून आल्बुकर्कीला इतर प्रवासी उतरवले. व्हायोलिनवादक जोसेफ सिगेती त्यामुळे वाचले. लोम्बार्ड इंडियाना राज्यात युद्धरोखे विकून परतत होती, ती उतरायला तयार झाली नाही. तिच्यावर इतकं लिहिलं जातं आणि या पंधरा पोरांची नावं कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

येऊरची वाट:
पटलं काका. ७ जुलै १९६२ ला अलितालियाचं डीसी-८ रात्री मुंबईकडे येताना जुन्नरजवळच्या डोंगरात गेलं, ९४ जण. तिथेही आपण मुंबईच्या जवळ आलो या समजुतीने विमान आधीच खाली आणलं होतं.

उलवेकर:
धन्यवाद काका. हजार फूट वर असते तर वाचले असते?

ऐरोलीचा डिस्पॅचर:
हो, डोंगर खाली राहिला असता. स्वतः बघायचं तर उंचसखल दाखवणारा नकाशा उघडा. तेव्हाचं ते मैदान म्हणजे आजचा नेलिस हवाई तळ, तिथून रेषा ओढा. फक्त २१८ हा चुंबकीय अंश आहे. त्या भागात होकायंत्र तेव्हा खऱ्या उत्तरेच्या सुमारे १५ अंश पूर्वेला दाखवी, म्हणून नकाशावर २३३ च्या आसपास धरा. तिसेक मैलांवर पोटोसी येईल.