आठवीला शरीररचना शिकवायची सुरुवात कुठून करता? आकृत्या तोंडपाठ, पण समजलेलं काहीच नाही

खडू_फळा (सोलापूर जिल्हा)

नमस्कार मंडळी. झेडपी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. आठवीचा 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था' हा धडा आता घ्यायचाय आणि खरं सांगायचं तर नेहमीच्या पद्धतीनं घ्यायची इच्छाच होत नाहीये. हृदयाची आकृती पोरं इतकी सुबक काढतात, लाल निळा रंग, बाण, नावं सगळी जागच्या जागी, पण परवा सहज विचारलं की उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) निघालेलं रक्त जातं कुठं आणि तिथंच का जातं, तर अख्खा वर्ग गप्प. एका हुशार मुलीला म्हटलं मूत्रपिंड कुठं असतं दाखव, तिनं ओटीपोटावर हात ठेवला.

शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. सांगाड्याचा तक्ता आहे, एक प्लास्टिकचं धड आहे ज्यातलं यकृत हरवलंय. तर विचारायचं असं की सुरुवात पेशीपासून करावी, हाडांपासून करावी का सरळ हृदयापासून? आणि पैसे न लागता काय काय करून दाखवता येईल? बकऱ्याचं हृदय आणून दाखवलेलं चालतं का, कुणी केलंय का? जरा सविस्तर सांगा.

विज्ञान_मॅडम (कोल्हापूर)

सर, मी निवृत्त झाले, पण हा धडा माझा सगळ्यात आवडता. माझं स्पष्ट मत आहे, आकृती सगळ्यात शेवटी. पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच नका. पोरांना मनगटाची नाडी शोधायला लावा, अंगठ्यानं नाही, पहिल्या दोन बोटांनी, कारण अंगठ्यात स्वतःचेच ठोके लागतात. १५ सेकंद मोजायचे, ४ नं गुणायचं. मग मैदानाला दोन चकरा मारून आल्या आल्या परत मोजायचे आणि दोन मिनिटं बसून अजून एकदा. हे आकडे फळ्यावर लिहिले की पोरं आपणहून विचारतात की पळल्यावर का वाढले, सगळ्यांचे सारखे का नाहीत, ज्याचे लवकर खाली आले त्याचं काय वेगळं आहे. तुम्हाला काही सांगावंच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गणित घ्या. मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त पुढं ढकलतं आणि मिनिटाला साधारण ७२ ठोके, म्हणजे झालं ५ लिटर. आणि शरीरात एकूण रक्त किती, तर तेही साधारण ५ लिटरच. आता इथं थांबायचं आणि पोरांना विचारायचं की मिनिटाला ५ लिटर बाहेर पडतंय तर हृदयात नवीन रक्त येतंय कुठून? माझ्या वर्गात कायम कुणीतरी म्हणायचं जेवणातून तयार होतं. तर हेच उत्तर युरोपात हजाराहून जास्त वर्षं खरं मानलं जायचं, गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या शिकवणीत रक्त यकृतात अन्नापासून बनतं आणि शरीरात वापरून संपतं असंच होतं. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं १६२८ च्या पुस्तकात असाच हिशेब मांडला की एवढं रक्त सतत नव्यानं तयार होणं शक्यच नाही, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. दिवसाचा हिशेब पोरांनाच करू द्या, ७२०० लिटर येतात. एवढं जेवण कोण करतो हे मग तीच म्हणतात. 'अभिसरण' हे त्यांनी स्वतः शोधून काढलेलं असतं, मग आकृतीतले बाण पाठ करावे लागत नाहीत.

आणि एक गंमतीचं, हार्वेला धमनीतलं रक्त शिरेत नेमकं जातं कसं हे दिसलं नव्हतं. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या या अतिशय बारीक केशवाहिन्या मालपिघी या इटालियन शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुफ्फुसात बघितल्या त्या १६६१ साली. मधली ३३ वर्षं ती जागा रिकामीच होती, तरीही हार्वेचं म्हणणं बरोबर निघालं. आठवीच्या पोरांना हे सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

नर्सिंग_ट्यूटर_ना (नाशिक)

मॅडमनी छान सांगितलंय. मी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी फिजिऑलॉजी शिकवते, म्हणजे सर तुमच्या वर्गातून निघालेल्या मुली चार पाच वर्षांनी माझ्याकडे येतात, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्याकडे पहिल्या तासाला मी काय करते तर एका मुलीला जमिनीवर जुन्या चादरीवर झोपवते आणि खडूनं तिच्या भोवती रेघ मारून घेते. मग बाकीच्यांनी कागदाचे अवयव कापून त्या आकारात ठेवायचे. कुणी कुणाला दुरुस्त करायचं नाही, सगळं ठेवून झाल्यावरच चर्चा. जवळजवळ दर बॅचला त्याच गोष्टी होतात, जठर बेंबीवर ठेवतात, खरं तर ते वर डावीकडे बरगड्यांच्या आडोशाला असतं. हृदय पार डाव्या बाजूला सरकवतात, ते असतं मधोमध, छातीच्या हाडाच्या मागं, फक्त टोक डावीकडे झुकलेलं. फुफ्फुसं फार लहान करतात, त्यांची टोकं गळ्याच्या हाडाच्याही किंचित वर जातात हे ऐकून मुली स्वतःच्या गळ्याला हात लावून बघतात. मूत्रपिंडं तुमच्या मुलीसारखीच खाली आणि पुढं ठेवतात, ती असतात पाठीच्या बाजूला, वरचा भाग शेवटच्या बरगड्यांखाली.

हे तुम्ही आठवीत केलंत तर एक तास जाईल पण आयुष्यभर राहील. उद्या घरात कुणाच्या पोटात उजवीकडे खाली दुखलं, कुणाच्या छातीत मध्यभागी दाबल्यासारखं झालं तर या मुलामुलींना निदान कळेल की तिथं आत काय आहे आणि थांबून चालणार नाही.

मुलींना झोपवायचं तर मुलींचा गट वेगळा ठेवा, किंवा आधी विचारा. नाहीतर भिंतीला उभं करून रेघ मारली तरी चालतं.

बोर्डाचा_पेपर

सगळं मान्य, पण सर दहावीला आकृतीला आणि नावांना मार्क आहेत हे विसरून चालत नाही. ग्रामीण मुलांना तेच हक्काचे मार्क असतात, त्यामुळे शेवटी का होईना आकृती पक्की करून घ्या, वेळ संपला म्हणून राहू देऊ नका. माझ्याकडे मी नावं नसलेली आकृती देतो आणि प्रत्येक नावापुढं 'याचं काम काय' हे एका ओळीत लिहायला लावतो. काम माहीत नसेल तर नावाला मार्क नाही. दोन्ही साधतं.

डॉक_फिजिओ (पुणे)

मी मेडिकल कॉलेजला फिजिऑलॉजीत आहे. दोन तीन गोष्टी ज्या पहिल्या वर्षाला एमबीबीएसची मुलं सुद्धा चुकीच्या घेऊन येतात त्या आठवीतच निघाल्या तर फार बरं होईल.

पहिली म्हणजे निळा रंग. मुलांना खरंच वाटतं की शिरांमधलं रक्त निळं असतं. नसतं. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं, ज्यानं तपासणीसाठी रक्त दिलंय त्याला विचारा, सुईतून येतं ते शिरेतलंच असतं. हातावरच्या शिरा निळसर दिसतात ते त्वचेतून प्रकाश जसा परत येतो त्यामुळे. रंगवायला हरकत नाही पण सांगा की ही फक्त खूण आहे.

दुसरी, बाटली आणि फुग्यांचं फुफ्फुसाचं मॉडेल. जरूर करा, तळ कापलेल्या बाटलीत फुगे बसवून तळाला ताणलेला खालचा रबर ओढला की फुगे फुगतात हे बघून श्वासपटलाचं (छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याचं) काम लगेच कळतं, आणि हवा आत आली म्हणून छाती फुगत नाही तर छाती फुगते म्हणून हवा आत येते हा महत्त्वाचा मुद्दा त्यातून निघतो. पण दोन गोष्टी बाटलीत खोट्या आहेत त्या मुलांनाच शोधायला लावा. बाटलीची भिंत हलत नाही, आपल्या बरगड्या वर आणि बाहेर हलतात. आणि बाटलीत फुग्याभोवती मोकळी जागा आहे, छातीत तशी नसते, फुफ्फुस आतून भिंतीला चिकटूनच असतं, मध्ये फक्त द्रवाचा पातळ थर.

आणि शिरांमधल्या झडपा दाखवा, त्याला काहीच लागत नाही. ज्याच्या हातावरच्या शिरा ठळक आहेत अशा मोठ्या माणसाला वर्गात बोलवा, शेतात काम करणारे पालक उत्तम. दंडाला रुमाल जरासा आवळून बांधा, शिरा वर येतात आणि मध्ये मध्ये बारीक गाठीसारखं दिसतं, त्या झडपा. मनगटाकडच्या बाजूला एका बोटानं शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडं पुढच्या गाठीच्या पलीकडं रक्त सारत न्या, मग ते दुसरं बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो, वरून रक्त परत खाली येत नाही. खालचं बोट सोडलं की क्षणात भरतो. हा प्रयोग हार्वेचाच आहे. रुमाल एका मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका, आणि बीपी, शुगरवाल्या माणसावर नको.

कराडचे_गुरुजी

बकऱ्याच्या हृदयाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आम्ही दरवर्षी करतो. आधी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारून घ्या, श्रावण, एकादशी, संकष्टी टाळा, आणि ज्या मुलांच्या घरी चालत नाही त्यांना अजिबात आग्रह नको, त्यांना नाडीचं किंवा चुन्याच्या निवळीचं काम द्या म्हणजे ती बाजूला पडत नाहीत. मुद्दाम प्राणी मारून चिरफाड करणं कॉलेजातही बंद झालंय आणि ते योग्यच झालं, आपण दुकानात विकायला आलेलंच आणतोय हे पोरांना नीट सांगा.

दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा की दिल आख्खं पाहिजे, चिरू नका आणि वरच्या नळ्या कापू नका. नाहीतर ते सवयीनं वरचा अलिंदांचा (वरच्या कप्प्यांचा) भाग उडवून टाकतात आणि मग दाखवायला निम्मंच उरतं. आणल्यावर कापायच्या आधी दाबून बघायला लावा, एक बाजू मऊ लागते आणि एक घट्ट. घट्ट ती डावी. मग विचारा की असं का. कापल्यावर डाव्या निलयाची भिंत उजवीच्या जवळपास तिप्पट जाड दिसते. उजव्याला रक्त फक्त शेजारच्या फुफ्फुसापर्यंत पोचवायचंय, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. सर, तुमच्या 'उजव्या निलयातून कुठं जातं' या प्रश्नाचं उत्तर पोरांच्या बोटांनाच कळतं.

कापायच्या आधी अजून एक, महाधमनीत (डाव्या निलयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत) हळू पाणी ओता. पाणी आत उतरत नाही, झडप धरून ठेवते. पण थोड्या वेळानं पातळी हळूहळू खाली जाते, आणि हृदयाच्या बाहेरच्या बाजूला कापलेल्या बारीक नळ्यांतून थेंब यायला लागतात. तिथं पोरं चक्रावतात. झडपेच्या लगेच वर दोन भोकं असतात, तिथून हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त जातं. आतून एवढं रक्त वाहतंय तरी स्नायूला त्यातलं मिळत नाही, वेगळ्या नळीनं घ्यावं लागतं. मग ब्लॉकेज म्हणजे काय, गावातल्या कुणाकुणाची अँजिओप्लास्टी झाली, सगळं आपोआप निघतं.

जमलं तर श्वासनलिकेसकट फुफ्फुस पण आणा. तोंडानं फुंकायचं नाही, सायकलचा पंप लावा. फुगताना बघून पोरं अक्षरशः ओरडतात. ग्लोव्ह्ज, खाली जुनी पेपरं, नंतर साबणानं हात, आणि झाल्यावर खड्ड्यात पुरा.

आश्रमशाळा_नंदुरबार

आमच्याकडचं थोडं वेगळं आहे पण उपयोगी पडेल. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुलं वर्गात असतात, त्यामुळे लाल पेशी शिकवताना तो धडा कुणाच्या तरी घरचाच असतो. मी वर्गात कुणालाही त्याचा रिपोर्ट विचारत नाही, कुणी आपणहून बोललं तर ऐकतो. पण नीट समजावून सांगतो की लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेलची पेशी त्यामानानं फार लवकर फुटते, वाकडी होऊन बारीक वाहिन्यांत अडकते म्हणून दुखतं, आणि यात आईवडिलांचा किंवा देवाधर्माचा काही दोष नाही. हे ऐकताना काही मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ना, ती पण याच धड्यात आणा. हिमोग्लोबिन काय वाहून नेतं हे कळल्यावर गोळी गुपचूप फेकून देणाऱ्या मुली ती घ्यायला लागल्या. उपाशीपोटी नको, जेवणानंतर, नाहीतर मळमळतं. आणि आरबीएसकेची (मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाची) टीम तपासणीला शाळेत येते तेव्हा डॉक्टरांना आधी फोन करून स्टेथोस्कोपवर मुलांना एकमेकांचे ठोके ऐकू द्याल का विचारा. आमच्या डॉक्टर मॅडम आनंदानं देतात. ते नसेल तर कागदाची जाड सुरळी, स्टेथोस्कोप शोधणाऱ्या फ्रेंच डॉक्टर लेनेकनं १८१६ साली कागद गुंडाळूनच पहिल्यांदा ऐकलं होतं.

खडू_फळा (सोलापूर जिल्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सोमवारी नाडीपासून सुरू करतो, मग मॅडमचं गणित, मग चादर. हृदयासाठी समितीला विचारतो. गुरुजी, चुन्याच्या निवळीचं तेवढं सांगा, कोणता चुना आणि किती?

कराडचे_गुरुजी

पानपट्टीवरचा खायचा चुना चालतो. लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर, हलवून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी गाळून घ्या. एका ग्लासात स्ट्रॉनं फुंकायचं, दुसऱ्यात सायकल पंपानं हवा सोडायची. फुंकलेलं उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे थोड्या वेळात दुधाळ होतं, पंपाचं लवकर होत नाही. फुंकतच राहिलं तर दुधाळ झालेलं परत निवळतं, ते पण दाखवा, पोरं कारण विचारतील. ओढायचं नाही फक्त फुंकायचं हे आधी दोनदा बजावा, आणि चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. स्ट्रॉ प्रत्येकाची वेगळी.