मिस्टरांचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) ६१८, माझा ७८२. फोंड्यात फ्लॅट घ्यायचाय, लोन कोणाच्या नावावर करायचं?

घर_शोधतेय:
नमस्कार. फोंड्यात कुर्टीला एक रिसेल टू बीएचके बघितलाय, ४२ लाख सांगतायत, ओसी (राहायला परवानगीचा दाखला) आहे, आम्हा दोघांनाही आवडलाय. मी वेर्ण्याला फार्मा कंपनीत आहे, हातात ५२ हजार येतात, दुसरं कसलंही लोन नाही. मिस्टरांची टुरिस्ट टॅक्सी आहे. २०२० ला लॉकडाउनमध्ये गाडी दारात उभी राहिली, मोरॅटोरियम (हप्ते थांबवायची सवलत) मिळालं पण ते ऑगस्टला संपलं आणि टुरिस्ट काही सप्टेंबरला धावत आले नाहीत, त्यामुळे पुढचे बरेच हप्ते मागेपुढे झाले. गाडीचं लोन नंतर पूर्ण फेडलंय. पण क्रेडिट कार्डचे ६१ हजार थकले होते ते २०२२ मध्ये वसुलीवाल्यांनी २८ हजारात सेटल करून दिले आणि आता सगळं मिटलं असं सांगितलं. आता त्यांचा स्कोअर ६१८ दाखवतोय.
एका बँकेत म्हणतात मॅडम तुम्ही एकटीच अप्लाय करा, दुसरीकडे म्हणतात नवरा सोबत लागणारच आणि त्यांच्या स्कोअरवर होणार नाही. नक्की काय खरं? आमच्याकडे १३ लाख जमलेत, लोन ३० लाखांचं पाहिजे. हा विषय निघाला की मिस्टर जेवता जेवता गप्प होतात, मला ते बघवत नाही. प्लीज कोणाला माहीत असेल तर सांगा.

मुक्काम_पुणे:
ताई सरळ एकटीच्या नावावर करा ना. माझ्या बहिणीने इकडे पुण्यात तसंच केलं, फ्लॅटही तिच्या नावावर, लोनही तिचंच, भावोजींचं नाव कुठेच नाही. ३० लाखाला साडेआठ टक्के धरले तर २० वर्षांना हप्ता २६ हजारच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या पगाराच्या निम्मा. बसतंय.

डिचोलीकर:
पुण्याचं गोव्यात चालत नाही हो. ताई तुमचं लग्न गोव्यात रजिस्टर झालंय का, आणि लग्नाआधी वेगळा करार केला होता का? करार नसेल (आपल्याकडे शंभरात कोण करतो) तर कम्युनियन ऑफ असेट्स (नवराबायकोची मालमत्ता सामाईक) लागू होतं, म्हणजे फ्लॅट फक्त तुमच्या नावाने घेतला तरी अर्धा हक्क मिस्टरांचा होतोच. आणि रजिस्ट्रारसमोर सह्या झाल्या की नंतर ती पद्धत बदलता येत नाही. मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर दोघांची सही लागते. म्हणून इथल्या बँकेचा वकील टायटल तपासतानाच नवऱ्याला कागदावर आणा म्हणतो. दुसऱ्या बँकेचा मुद्दा तेवढा बरोबर आहे. पहिल्या बँकेतला माणूस बहुतेक बाहेरून बदलून आला असणार.
पण सही लागते म्हणजे त्यांचं उत्पन्न धरावंच लागतं असं नाही. तुमच्या एकटीच्या पगारावर ३० लाख बसत असतील तर तुम्ही मुख्य अर्जदार आणि ते फक्त हक्क आहे म्हणून सहअर्जदार, असं काही बँका करतात. स्कोअर त्यांचाही बघतात, पण मग नजर तेवढी कडक नसते. ब्रँचमध्ये विचारताना हेच शब्द वापरा, नुसतं ‘होईल का’ विचारलं तर नुसतं ‘नाही’ ऐकायला मिळतं.

निवृत्त_बँकवाला:
बाय, आधी अर्ज करू नकोस. आधी मिस्टरांचा पूर्ण रिपोर्ट काढ, नुसता आकडा बघून काही कळत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही. बँकेने काढला तर मात्र एन्क्वायरी पडते, म्हणून एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकत फिरू नका.
रिपोर्टमध्ये प्रत्येक लोनखाली महिन्यामहिन्याचे छोटे चौकोन असतात, त्यात ०००, ०३०, ०९० असे आकडे. हप्ता किती दिवस उशिरा गेला ते त्यात कळतं. मार्च ते ऑगस्ट २०२० चे चौकोन नीट बघ. मोरॅटोरियम घेतलं होतं तर त्या काळात थकबाकीचे दिवस वाढलेले दिसता कामा नयेत, दिसले तर ती चूक आहे. गाडीचं लोन ‘क्लोज्ड’ आहे का तेही बघ, पैसे फेडूनही खातं उघडंच राहिलेलं मी कितीतरी वेळा बघितलंय. चूक असेल तर ऑनलाइन डिस्प्यूट (चूक दुरुस्त करा अशी तक्रार) टाकायचा, पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लावावा लागतो, नाही लावला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार जाते.
आता कार्डाचं. सेटल केलं म्हणजे मिटलं, हे वसुलीवाले सांगतात. रिपोर्टवर ‘सेटल्ड’ लिहून येतं आणि होम लोनवाल्याला तो शब्द सर्वात जास्त खुपतो, कारण त्याचा अर्थ बँकेने उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं. त्या बँकेला लेखी विचारा की उरलेली रक्कम भरतो, खातं ‘क्लोज्ड’ करून द्याल का. ३३ हजारांचा फरक दिसतोय, आधी लेखी होकार, मग पैसे, मग नो ड्यूज सर्टिफिकेट, याच क्रमाने. माझ्या मते १३ लाखांतला सगळ्यात चांगला खर्च हाच ठरेल. स्कोअर लगेच उडी मारणार नाही, पण मॅनेजरला दाखवायला हातात कागद राहतो.
आणि हजारो रुपये घेऊन स्कोअर वाढवून देतो म्हणणारे एजंट आहेत, त्यांच्या जवळपास फिरकू नका. ते जे करतात ते तू घरी बसून फुकट करू शकतेस.

घर_शोधतेय:
देव बरें करूं काका. रिपोर्ट आत्ताच काढला. गाडीचं लोन खरंच ‘अ‍ॅक्टिव्ह’ दाखवतंय!! लोन फिटल्याची एनओसी कपाटात आहे, आरसीवरचं हायपोथिकेशन (फायनान्सवाल्याचा बोजा) पण काढलेलं आहे. मिस्टर स्वतः डिस्प्यूट भरायला बसलेत. अजून एक, त्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न्स बघून बँकवाला म्हणाला इन्कम अर्धंच दिसतंय, असं का? बाकीचं कुठे गेलं?

डिचोलीकर:
कुठे गेलं नाही, तुमच्या रिटर्नमध्ये आलं. तेही कम्युनियनमुळेच. गोव्यातल्या नवराबायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५अ खाली निम्मं निम्मं वाटलं जातं, पगार मात्र ज्याचा त्याचाच. दोघांचे रिटर्न शेजारी ठेवून दाखवा, रिटर्नमध्येच शेड्यूल ५ए असतं. टॅक्सीचं उत्पन्न पुढे धरायची वेळ आली तर हे लागेल.

निवृत्त_बँकवाला:
बघ, सापडलं ना. डिस्प्यूटला एनओसी जोड आणि त्या फायनान्सवाल्यालाही ईमेल टाक, कारण त्याने दुरुस्ती पाठवल्याशिवाय सिबिल स्वतःहून काही बदलत नाही.
पैशांचंही आधीच मांडून ठेव. ३० लाख लोन धरलं तर १२ लाख फ्लॅटलाच गेले, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील आणि प्रोसेसिंग फी वेगळी, ते लोनमध्ये धरत नाहीत. १३ त बसणार नाही, वर कार्डाचे ३३ हजार आहेतच. फ्लॅटवाल्याशी भावाचं बोल किंवा थोडं थांब. आणि व्याजाचा दर दोघांपैकी कोणाच्या स्कोअरवर ठरवणार ते बँकेला सरळ विचार. साडेआठचे साडेनऊ झाले तर ३० लाखांना हप्ता महिन्याला १९०० च्या वर वाढतो, २० वर्षांत साडेचार लाखांच्या पुढे जातं. सहा महिने थांबून दर खाली येणार असेल तर थांबलेलं परवडतं. फ्लॅटवाला थांबायला तयार आहे का ते आधी बघ, आणि टोकन द्यायचं तर लोन नाकारलं गेल्यास परत मिळेल असं पावतीवर लिहून घे.