कॉलेज बेसबॉलचे कॅम्प: शिकवणी, निवड चाचणी की प्रशिक्षकांची वरकमाई?

कृष्णाकाठ (न्यू जर्सी), धागाकर्ता

माझा मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या संघात पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून खेळतो. गेल्या महिन्यात एका नामवंत विद्यापीठाच्या बेसबॉल प्रशिक्षकांच्या नावाने त्याला ईमेल आला. उन्हाळ्यातला तुझा खेळ आमच्या नजरेत भरला असून ऑक्टोबरमधील निवडक खेळाडूंच्या कॅम्पसाठी तुला आवर्जून बोलावत आहोत, असा त्यातला मजकूर होता. घरात आनंदीआनंद झाला. आईने तर लगेच साताऱ्याला मामांना फोन लावला. अडचण एवढीच होती की मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत कोपराच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्याला चेंडू फेकायला बंदी केली होती आणि उन्हाळ्यात तो एकही सामना खेळला नव्हता. मग कॅम्पचे संकेतस्थळ उघडले, तर तळाशी बारीक अक्षरांत ओळ होती की हा कॅम्प कोणालाही खुला आहे, मर्यादा फक्त संख्या, वय, इयत्ता आणि लिंग यांची. एका दिवसाची फी २२५ डॉलर. प्रवास आणि मुक्काम वेगळा.

माझे मत स्पष्ट सांगतो. ज्या कॉलेजला खेळाडू हवे आहेत, त्याने ते शोधण्याचा खर्च स्वतः करावा. मुलाखतीला बसण्यासाठी उमेदवाराकडूनच पैसे घेणाऱ्या कंपनीला आपण एका क्षणात फसवी ठरवू. मग हेच मैदानावर घडले की ती ‘संधी’ कशी होते? ट्रॅव्हल संघाचे (गावोगाव स्पर्धा खेळणाऱ्या खासगी संघाचे) शुल्क, बॅटी, हॉटेले आणि शोकेस (पैसे भरून प्रशिक्षकांपुढे खेळ दाखवण्याचे मेळावे) यांत आधीच हजारो डॉलर गेलेले असताना त्यावर हे कॅम्प म्हणजे आईवडिलांच्या आशेवर बसवलेला कर आहे, असे मला वाटते. ज्यांचा अनुभव वेगळा असेल, त्यांनी तो जरूर मांडावा.

मोजूनमापून (बॉस्टन)

आपली चीड समजते, पण त्या बारीक अक्षरांतल्या ओळीला लबाडी म्हणता येणार नाही. कॅम्प सर्वांना खुला असलाच पाहिजे, हा एनसीएएचाच (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या संघटनेचाच) नियम आहे आणि प्रत्येक विद्यापीठाला तो पाळावा लागतो. त्याच नियमावलीचे दुसरे कलम असे आहे की ज्या खेळाडूवर कॉलेजचा डोळा आहे, त्याला कॅम्पमध्ये फुकट किंवा सवलतीत प्रवेश देता येत नाही, कारण ती आडमार्गाने दिलेली लालूच ठरेल. म्हणजे प्रशिक्षकाला एखादा मुलगा मनापासून हवा असला, तरी त्याच्याकडून पूर्ण फी घेणे त्याला भागच आहे. आपण सुचवता तसा ‘कॉलेजने खर्च करावा’ हा पर्याय कॅम्पच्या बाबतीत उपलब्धच नाही.

मात्र आपल्या ईमेलचा उलगडा वेगळ्याच नियमात आहे. डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे एनसीएएच्या तीनपैकी सर्वांत वरच्या गटात, २०२३ सालापासून बेसबॉल प्रशिक्षकांना अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी भरतीविषयी पत्रव्यवहार करता येत नाही, फोनवर बोलता येत नाही आणि त्याने लिहिलेल्या पत्राला तसे उत्तरही देता येत नाही. त्या तारखेआधी पाठवण्याची मुभा असलेल्या मोजक्या गोष्टींत प्रश्नावली आणि कॅम्पचे पत्रक येतात. कॅम्पच्या मैदानावर भेट झाली तरी प्रशिक्षक ग्लव्ह कसा धरावा हे शिकवू शकतो, पण तुझ्यासाठी आमच्याकडे जागा आहे असे त्याला म्हणता येत नाही. त्यामुळे दहावीतल्या मुलाला आलेला असा ईमेल हा त्याच्या गुणवत्तेचा पुरावा नाही, आणि केवळ तो आला म्हणून कोणी फसवले असेही नाही. ते पत्रक आहे आणि पत्रक म्हणूनच वाचावे.

कृष्णाकाठ

पत्रकात ‘उन्हाळ्यातला तुझा खेळ पाहिला’ असे लिहिण्याची सक्ती तर एनसीएए करत नाही ना? माझा आक्षेप नेमका त्या वाक्याला आहे.

डावखुरा (ओहायो)

त्या वाक्याचे समर्थन मीही करणार नाही. परंतु ‘कर’ हा शब्द मला खटकला, म्हणून लिहितो. एमएससाठी इथे आलो तेव्हा दोन उन्हाळे मी विद्यापीठाच्या बेसबॉल कॅम्पमध्ये सामान उचलण्यापासून पाण्याचे पिंप भरण्यापर्यंत सगळी कामे केली आहेत. ज्यांना आपण वरकमाई म्हणता, त्या पैशांवर तेव्हा एका माणसाचे घर चालत होते. अनेक वर्षे डिव्हिजन एकच्या संघाला मुख्य प्रशिक्षक, दोन पगारी साहाय्यक आणि एक ‘स्वयंसेवक’ साहाय्यक ठेवता येत असे. हा स्वयंसेवक इतरांइतकेच तास मैदानावर राबायचा, पण विद्यापीठ त्याला पगार देऊ शकत नव्हते. त्याचे उत्पन्न मुख्यत्वे कॅम्पमधून यायचे. तिसऱ्या साहाय्यकाला पगार मिळावा, असा ठराव २०१९ साली मतदानाला आला आणि फेटाळला गेला. अखेर जुलै २०२३ पासून हे ‘स्वयंसेवक’ पद रद्द झाले. या प्रशिक्षकांनी एनसीएएविरुद्ध दावा लावला आणि तो ४ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटला, यावरून त्यांच्या फुकट राबण्याचा आकार लक्षात यावा.

दुसरे असे की कॅम्पमध्ये खरेच शिकवले जाते. मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या) जागी उभा होता आणि जमिनीलगत आलेला प्रत्येक चेंडू त्याच्या ग्लव्हखालून निसटत होता. मुख्य प्रशिक्षक त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले, त्याचा ग्लव्ह बोटांच्या टोकांपर्यंत मातीला लावला आणि म्हणाले की सुरुवात खालून कर. चेंडू उसळला तर हात वर नेणे सोपे असते, पण वर असलेला हात ऐनवेळी खाली जात नाही. नंतर अंगठ्यापाशी माती लागली आहे की नाही, हे ते प्रत्येक चेंडूनंतर तपासत राहिले. वीसेक मिनिटे हेच चालले होते. त्या मुलाची कॉलेजात निवड होण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसरा_बेस (टेक्सास)

डावखुरा, आपण सांगितलेला इतिहास खरा आहे, पण त्यानेच आपली बाजू लंगडी पडते. त्या बिनपगारी माणसासाठी कॅम्प आवश्यक होते, हे मान्य केले, तर २०२३ नंतर ती गरज संपली. आमच्या भागात फी मात्र एका डॉलरनेही खाली आलेली नाही. अनेक ठिकाणी कॅम्प विद्यापीठाचा नसतोच. मुख्य प्रशिक्षकाच्या खासगी कंपनीच्या नावावर तो चालतो आणि विद्यापीठाचे मैदान भाड्याने घेतले जाते. दक्षिणेतल्या बड्या संघांचे मुख्य प्रशिक्षक वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक कमावतात. १२० मुले आणि २२५ डॉलर यांचा गुणाकार केला तर एका शनिवारचे २७ हजार डॉलर होतात.

आपला ग्लव्हचा प्रसंग सुंदर आहे, पण तो लहान मुलांच्या उन्हाळी कॅम्पमधला आहे. शरद ऋतूत जे ‘प्रॉस्पेक्ट कॅम्प’ (भरतीसाठी मुले हेरण्याचे कॅम्प) भरतात, तिथे काय चालते हे मी मागच्या वर्षी कुंपणाबाहेर खुर्ची टाकून सकाळी आठपासून पाहिले. पाठीवर कागदी नंबर लावलेली शंभरावर मुले दोन-दोन करून ६० यार्ड धावली. मग इनफिल्डच्या (बेसांजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या) प्रत्येक मुलाला पाच चेंडू, कॅचरला (बॅटरमागे चेंडू पकडणाऱ्याला) दुसऱ्या बेसवर पाच फेकी, प्रत्येक बॅटरला आठ-दहा फटके आणि दुपारी एका सामन्यात दोनदा बॅटिंग. माझ्या मुलाच्या वाट्याला आलेले सगळे चेंडू मी मोजले. जेमतेम चाळीस भरले. त्याला कोणी काही शिकवले नाही, आणि शंभर मुलांत ते शक्यही नव्हते.

त्यातून जागा किती, तेही पाहा. पूर्वी डिव्हिजन एकच्या संघाला ११.७ शिष्यवृत्त्या मिळत आणि त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटाव्या लागत. खेळाडूंच्या मोबदल्याबाबतच्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारलेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्तीची ती मर्यादा गेली, पण संघात ३४ जणच ठेवता येतात. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे) प्रशिक्षकाला दुसऱ्या कॉलेजातला एकवीस वर्षांचा तयार पिचर मिळतो, आणि व्यावसायिक ड्राफ्ट (व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) २०१९ साली ४० फेऱ्यांचा होता तो २०२१ पासून २० फेऱ्यांचा झाल्याने, पूर्वी ज्यांची तिकडे निवड झाली असती असे अनेकजण कॉलेजातच राहतात. शाळेतून येणाऱ्या मुलासाठी दार अरुंद होत असताना दाराबाहेरच्या रांगेचे तिकीट विकणे चालूच आहे.

पुण्याहून (पुणे)

बेसबॉलमधले मला फार कळत नाही, पण आपल्याकडे उन्हाळी क्रिकेट शिबिराला पैसे भरून जाणारी मुले आणि संघटनेच्या निवड चाचणीला येणारी मुले या निदान कागदोपत्री तरी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणारा आणि निवडणारा एकच, आणि फी घेणाराही तोच, ही सरमिसळ वाचून नवल वाटले.

लेकाची_आई (मेरीलँड)

वरची सगळी चर्चा डिव्हिजन एकभोवती फिरते आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. माझा मुलगा डिव्हिजन तीनच्या एका कॉलेजात चार वर्षे कॅचर म्हणून खेळला, आणि त्याचे तिथे जाणे एका कॅम्पमुळेच जमले. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. तिथल्या प्रशिक्षकांकडे गावोगाव हिंडून सामने पाहण्याइतके पैसे आणि माणसे नसतात. त्यामुळे पंधरा-वीस कॉलेजांचे प्रशिक्षक एकाच मैदानावर येतात, असा कॅम्प त्यांच्यासाठी आणि अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलांसाठी सोयीचा ठरतो. प्रवेश कार्यालयात प्रशिक्षकाच्या शब्दाला वजन असते, हे आम्हाला नंतर कळले.

तिसरा_बेस यांनी चेंडू मोजले, तसे मी ईमेल मोजले होते. अकरावीच्या वर्षात मुलाला कॅम्पची साठाहून अधिक निमंत्रणे आली. त्यांतल्या एकाच प्रशिक्षकाने दोन ओळी स्वतः लिहिल्या होत्या: ‘तू पाठवलेल्या व्हिडिओत चेंडू मातीत पडल्यावर तू तो पकडायला जातोस, छातीने अडवत नाहीस. शनिवारी मी बुलपेनपाशी असेन, तेव्हा ते बघू.’ आम्ही त्या एकाच कॅम्पला गेलो. तो माणूस खरेच बुलपेनपाशी, म्हणजे पिचर सराव करतात त्या जागी, उभा होता आणि त्याने तेच पाहिले. बाकीच्या सगळ्या ईमेलांवर माझा राग नाही, कारण मी त्यांना उत्तरच दिले नाही. पैसे आमच्या खिशातून जातात, तेव्हा निवड करण्याचे कामही आपलेच आहे, धागाकर्ते.

तिसरा_बेस

ताई, आपल्याला इंग्रजी वाचता येते, नियम शोधता येतात आणि एखादा शनिवार मोकळा ठेवता येतो. ज्या मुलाचे वडील शनिवारी दुकानात असतात आणि ज्याला ‘निवडक’ या शब्दाचा अर्थ खरोखर निवडक असा वाटतो, तो साठपैकी चार ठिकाणी पैसे भरून येतो. सावध माणूस वाचला म्हणून व्यवस्था चांगली ठरत नाही.

सांधा_जुळवणारा (कॅलिफोर्निया)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि पैशांच्या वादात पडणार नाही. धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात कोपराचा उल्लेख केला आणि त्यावर कोणीच काही लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली ‘पिच स्मार्ट’ नावाने जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांनुसार १५-१६ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. त्याचबरोबर वर्षातून किमान चार महिने त्याने स्पर्धेत पिचिंग करू नये, आणि त्यांतले दोन-तीन महिने सलग खांद्यावरून काहीच फेकू नये. कॅम्पमध्ये मुलगा वीस-पंचवीसच चेंडू टाकतो, म्हणून पालक निर्धास्त असतात. पण समोर चेंडूचा वेग मोजणारी रडार गन रोखलेली असते, मागे प्रशिक्षकांची रांग असते, आणि त्या वीसपैकी प्रत्येक चेंडू तो अंगातली सगळी ताकद लावून टाकतो. सामन्यात कोणताही पिचर असे करत नाही. दुखण्याची विश्रांती ऑगस्टमध्ये संपलेल्या मुलाने ऑक्टोबरमध्ये असे करावे का, हा प्रश्न ईमेल खरा की खोटा यापेक्षा आधी विचारायला हवा. ज्या डॉक्टरांनी बंदी केली होती, त्यांनाच तो विचारा.

डावखुरा

हा मुद्दा माझ्याही ध्यानात आला नव्हता. तिसरा_बेस यांचे एक म्हणणेही मान्य करतो: उन्हाळी कॅम्प आणि प्रॉस्पेक्ट कॅम्प यांना मी एकाच मापाने मोजत होतो. तरीही प्रशिक्षकांनी कॅम्प बंद करावेत, हे मला पटत नाही. बंद झाले तर ती जागा खासगी शोकेसवाले घेतील, आणि त्यांच्या मैदानावर मातीत गुडघे टेकून बसणारा कोणी असेलच असे नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काल डॉक्टरांशी बोललो. नोव्हेंबर संपेपर्यंत रडार गनसमोर उभे राहायचे नाही, असे त्यांनी सांगितले. त्यामुळे २२५ डॉलरचा प्रश्न तूर्त मिटला. लेकाची_आई यांचे वाचून मुलाने चाळीस मिनिटांवरच्या डिव्हिजन तीनच्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकांना स्वतः ईमेल लिहिला आणि कोपराचे सगळे खरे सांगितले. उत्तर चार ओळींचे आले: हिवाळ्यात फेकू नकोस, मार्चनंतरचे शाळेचे वेळापत्रक पाठव, जवळच्या एखाद्या सामन्याला आमच्यापैकी कोणीतरी येईल. कॅम्पचा उल्लेख त्यात नव्हता. माझा मूळ आक्षेप मी मागे घेतलेला नाही. त्या पहिल्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ‘कोणता सामना पाहिलात?’ एवढा एकच प्रश्न पाठवला आहे. आठ दिवस झाले. उत्तर आलेले नाही, पण डिसेंबरच्या कॅम्पचे निमंत्रण आले आहे.